कच्च्या रस्त्याचा कैवार

रस्ता डांबरी झाला म्हणजे तो सुधारला, याविषयी आपल्याकडे कोणाला शंका वाटत नाही. निवडणुकीच्या जाहीरनाम्यापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत मागणी असते ती खडीची आणि डांबराची. ज्या गावाला अजून मुरमाच्या रस्त्याने जावे लागते ते गाव मागासलेले, हा हिशेब सर्वमान्य आहे. अशा वेळी एखाद्या मुलखातील माणसांनी आपले कच्चे रस्ते कच्चेच राहावेत असा आग्रह धरावा, आणि त्या रस्त्यांवरची धूळ व चिखल अंगावर घेत दिवसभर सायकल हाकण्यासाठी हजारो लोकांनी देशोदेशींहून पदरमोड करून यावे, हे ऐकून कोणीही व्यवहारी माणूस चकित होईल. इटलीच्या तोस्काना प्रांतात, कियान्तीच्या डोंगराळ भागातील गायोले नावाच्या छोट्या गावी, सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नेमके हेच घडते. या उपक्रमाचे नाव ‘एरोइका’. मराठीत सांगायचे तर ‘वीरोचित’. सुखवस्तू लोकांची एक हौस म्हणून त्याकडे पाहून हसता येईल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जुनी वस्तू राखायची म्हणजे काय करायचे आणि ती कोणी राखायची, असा तो प्रश्न आहे; आणि तो केवळ इटलीचा नाही.

प्रथम हा प्रकार आहे तरी काय, ते पाहू. ऑक्टोबर म्हटला की आपल्याकडे पाऊस परतलेला असतो आणि उन्हाचा तडाखा पुन्हा जाणवू लागतो. तिकडे मात्र हे दिवस द्राक्षांच्या तोडणीचे आणि लहरी हवेचे असतात. पहाटे हात गारठतात, दऱ्यांमध्ये धुके साचलेले असते. दुपारी ऊन पडले तर अंगातला लोकरी सदरा नकोसा होतो. आणि पाऊस आला तर दिवसभराचा बेत चिखलात जातो. सर्वांत लांबच्या फेरीचे सायकलस्वार उजाडण्यापूर्वीच, सायकलला दिवा लावून, गायोलेहून निघतात. काही वेळाने त्यांना ब्रोलियोच्या किल्ल्याचा चढ लागतो. सुरूच्या जातीच्या उंच झाडांमधून वर जाणाऱ्या त्या कच्च्या वाटेच्या कडेला दिवे मांडून ठेवलेले असतात. तेथून पुढे सिएना शहराच्या दक्षिणेकडे उतरून, मोंताल्चिनोची टेकडी चढून, बुओनकोन्व्हेंतो आणि आशानो या गावांवरून, पुन्हा कियान्तीच्या डोंगरात शिरून गायोलेला परतायचे. अंतर सुमारे २०९ किलोमीटर. त्यातील निम्म्याच्या आसपास रस्ता बिनडांबरी. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी लहान फेऱ्याही आहेत. परंतु त्यांतही चढ चुकत नाहीत.

या रस्त्यांना तेथे ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, म्हणतात. त्या भागातील फिकट चुनखडीचे बारीक दगड पसरून ते तयार झालेले आहेत. कोरड्या हवेत त्यांवरून पिठासारखी पांढरी धूळ उडते आणि स्वाराच्या भुवयांवर बसते. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी नावाचा चिकणमातीचा उघडाबोडका मुलूख आहे. तेथे पाऊस झाला की आपल्या काळ्या जमिनीचा अनुभव येतो: माती चाकाला धरते, ब्रेकमध्ये साचते, आणि शेवटी चाक फिरेनासे होते. अशा रस्त्यावर सायकल चालवण्याची रीतही निराळी. डांबरी चढावर उभे राहून जोर लावता येतो. येथे उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी घसरते. म्हणून सीटवर बसूनच, धीराने, एका लयीत पायडल मारावे लागते. उतारावर ब्रेक एकदम दाबला तर खडीवरून चाक निसटते. जोरापेक्षा संयमाची अधिक परीक्षा घेणारा हा रस्ता आहे.

हे पुरेसे अवघड नाही असे वाटून की काय, संयोजकांनी आणखी एक अट घातली आहे. सायकल १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी. फ्रेम पोलादी, गिअरचे खटके हँडलावर नव्हे तर फ्रेमच्या तिरक्या नळीवर, पायडलला पाय अडकवण्याचे चामडी पट्टे, आणि ब्रेकच्या तारा हँडलाच्या बाहेरून गेलेल्या. आजच्या सायकलींना डोंगर चढण्यासाठी हलके गिअर असतात. या जुन्या सायकलींना ते पुरेसे नसतात, त्यामुळे खड्या चढावर अनेकांना उतरून सायकल ढकलत न्यावी लागते. टायर अरुंद, त्यामुळे पंक्चर ठरलेली. वाटेत ठिकठिकाणी एका कार्डावर शिक्के मारून घ्यायचे असतात, आणि ते कार्ड हेच फेरी पुरी केल्याचे प्रमाण. पहिला कोण आला आणि शेवटचा कोण, याला येथे महत्त्व नाही. ज्या खेळाचे सारे आयुष्य सेकंदांच्या हिशेबावर चालते, त्या खेळात घड्याळाला असे बाजूला बसवणे ही साधी गोष्ट नव्हे.

या उपक्रमाचा आरंभ १९९७ साली झाला. गायोलेचेच रहिवासी असलेल्या जानकार्लो ब्रोच्ची यांनी तो योजला, आणि पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार जमले. ब्रोच्ची यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या. सायकल शर्यतींचा खेळ पैसा, यंत्रे आणि उत्तेजक द्रव्ये यांच्या आहारी जात आहे, त्याला त्याच्या जुन्या सत्त्वाची आठवण करून द्यावी, ही पहिली. दुसरी गोष्ट अधिक निकडीची होती. कियान्तीचे पांढरे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले होते. ते वाचवायचे तर अर्ज, सह्यांच्या मोहिमा, परिसंवाद हा नेहमीचा मार्ग होता. ब्रोच्ची यांनी निराळा मार्ग धरला. ज्या रस्त्यावर माणसे येतात, ज्याच्यासाठी येतात आणि ज्याच्यामुळे गावातील खानावळीला व दुकानदाराला चार पैसे मिळतात, तो रस्ता बुजवण्याचे धाडस कोणतीही नगरपालिका सहसा करत नाही, हे त्यांनी ओळखले. आज या फेरीचा मार्ग कायमचे फलक लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे, आणि पांढरे रस्ते ही त्या भागाची ओळख बनली आहे. निषेधाने जे साधले असते की नाही याची शंका आहे, ते वापराने साधले.

‘वीरोचित’ हे नाव कोठून आले, हेही समजून घेतले पाहिजे. इटलीची सर्वांत मोठी सायकल शर्यत, ‘जिरो’, १९०९ साली सुरू झाली. त्या वेळी आठ टप्प्यांत २,४०० किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे होते, आणि रस्ते बहुतेक सारे असेच होते. रात्री निघायचे, दिवसभर चालवायचे, सायकल मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची. १९२४ साली अल्फोन्सिना स्त्रादा ही शेतमजुराच्या घरातील स्त्री या शर्यतीत उतरली. पुरुषांची ‘जिरो’ धावलेली ती एकमेव स्त्री. तिच्या आडनावाचा अर्थच ‘रस्ता’ असा होतो. एका टप्प्यात वादळी पावसात पडून तिच्या सायकलीचे हँडल मोडले. तिने त्या जागी झाडूचा दांडा बसवला आणि ती पुढे निघाली. ठरलेल्या वेळेत ती पोहोचली नाही, म्हणून तिची अधिकृत गणना थांबवण्यात आली. परंतु तिला शर्यतीसोबत चालू दिले गेले आणि ती मिलानपर्यंत पोहोचली. त्या काळाला वीरांचा काळ म्हणतात तो अशा माणसांमुळे. मात्र हे विसरता कामा नये की, रस्ता अवघड असावा अशी त्या माणसांची इच्छा नव्हती. त्यांच्या वाट्याला आलेला रस्ताच तसा होता.

येथूनच या विषयाची खरी अडचण सुरू होते. कियान्तीचे रस्ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पांढरे राहिले ते कोणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. त्याचे एक मोठे कारण दारिद्र्य हे आहे. तोस्कानातील शेती शतकानुशतके ‘मेझ्झाद्रिया’ पद्धतीने चालत असे. जमीन मालकाची, राबणे कुळाचे, आणि पीक निम्मे निम्मे. आपल्याकडील अर्धेलीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. टेकडीवर मालकाची हवेली वा किल्ला, भोवती विखुरलेली कुळांची दगडी घरे, आणि त्यांना जोडणारे हे पांढरे रस्ते, अशी ती रचना होती. आज छायाचित्रांत जे दृश्य स्वर्गतुल्य दिसते, ते या विषम व्यवहाराचे भौगोलिक रूप आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० आणि १९६० च्या दशकांत, ही कुळे घरेदारे सोडून शहरांतील कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी आली, आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडाच्या करारांत रूपांतर करण्याची वाट मोकळी झाली. ज्या वर्षांत इटलीभर डांबर पसरत होते, त्याच वर्षांत हा मुलूख रिकामा होत होता. माणसेच उरली नाहीत तेथे डांबर कोणासाठी टाकायचे?

ज्या ब्रोलियोच्या किल्ल्याचा चढ दिव्यांनी उजळलेला असतो, तो रिकासोली या सरदार घराण्याचा. एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तीनो रिकासोली हे याच घराण्यातले. कियान्तीच्या मद्यात कोणती द्राक्षे असावीत हे १८७२ साली त्यांनीच लिहून ठेवले. पहाटेच्या अंधारात त्या चढावर दमछाक होत असलेल्या सायकलस्वाराने एका गोष्टीचा विचार करावा, असे वाटते. याच वाटेने कधी काळी कूळ आपल्या बैलांसह मालकाचा वाटा घेऊन वर जात असेल. त्याच्या वाटेवर कोणी दिवे लावले नव्हते.

साहजिकच आक्षेप घेतला जातो की हा सारा प्रकार म्हणजे पोट भरलेल्यांचे गतकाळावरचे प्रेम आहे. ज्यांना त्या रस्त्यांनी चालावे लागले ते ते रस्ते सोडून गेले. ज्यांना कधी चालावे लागले नाही ते आता तेथे पैसे भरून चालायला येतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा १९४८ चा चित्रपट १९५२ साली भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि तेव्हापासून आपल्याकडील चित्रपटप्रेमींच्या कित्येक पिढ्यांना तो परिचित आहे. त्यातील रोमच्या बेकार माणसाला सायकल हवी असते ती नोकरीसाठी. सायकल गेली म्हणजे भाकरी गेली. त्याच देशात पन्नास वर्षांनी सायकल ही हौशी माणसाची जपून ठेवण्याची वस्तू झाली, आणि या फेरीत चालणाऱ्या जुन्या सायकलींना बाजारात मोठी किंमत येऊ लागली. जुन्या काळचे सदरे, टोप्या, मिशा यांचाही एक थाट तेथे दिसतो. गरिबीची वेशभूषा करून मिरवण्यात एक प्रकारचा बेगडीपणा असतो, आणि तो येथे मुळीच नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आक्षेपाची दुसरी बाजू व्यापाराची. ९२ लोकांची फेरी आता काही हजारांची झाली आहे. जपान, ब्रिटन, स्पेन, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी त्याच नावाने फेऱ्या निघू लागल्या. २००७ साली याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी ती ऑक्टोबरमध्येच झाली, २००८ पासून ती मार्चमध्ये होऊ लागली, आणि आज ‘स्त्रादे बियांके’ या नावाने ती जगातील नामांकित शर्यतींत गणली जाते. २०१५ पासून स्त्रियांचीही शर्यत होते. शर्यतींच्या इतिहासात साधारणतः मोठी शर्यत आधी जन्मते आणि हौशी लोक मागाहून तिचे अनुकरण करतात. येथे क्रम उलटा झाला. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण जे व्यवहारापासून दूर राहावे म्हणून सुरू झाले, त्याच्याभोवतीच व्यवहार जमा झाला, हेही तितकेच खरे. ज्या गावाची वस्ती तीन हजारही नाही, तेथे एका आठवड्यात त्याच्या कित्येक पट माणसे उतरली की गाव गावाचे राहत नाही. तो काही दिवसांपुरता बाजार होतो.

हे सर्व मान्य करूनही या उपक्रमाच्या बाजूने एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. जुने राखण्याचे आपल्याला परिचित असलेले मार्ग दोनच. एक तर ते काचेच्या कपाटात ठेवायचे, नाही तर त्याचा पुतळा करायचा. दोन्ही मार्गांत वस्तू वाचते, तिचा उपयोग मरतो. रस्त्याच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग निरुपयोगी आहेत. रस्ता काचेत ठेवता येत नाही. ज्यावरून कोणी जात नाही तो रस्ता काही वर्षांत झुडपांत नाहीसा होतो. कच्च्या रस्त्याला तर डांबरी रस्त्यापेक्षा अधिक सातत्याने हात फिरवावा लागतो. पाण्याला वाट देणारे कडेचे चर मोकळे ठेवावे लागतात, नाही तर एका पावसात रस्त्याचाच ओढा होतो. मधला भाग किंचित उंच राखावा लागतो. मोटारींच्या चाकांनी आडव्या लाटांसारख्या ज्या वळ्या पडतात त्या वेळोवेळी मोडाव्या लागतात. आणि वाहून गेलेली खडी पुन्हा आणून पसरावी लागते. हे काम जाणणारी माणसे गावात राहिली तरच रस्ता राहतो. तेव्हा कच्चा रस्ता वाचवणे याचा अर्थ एक कसब वाचवणे, आणि त्या कसबाला काम मिळत राहील अशी व्यवस्था करणे. गायोलेच्या लोकांनी हे ओळखले, यातच त्यांचे शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट वाटेवरच्या अन्नाची. या फेरीत दमलेल्या माणसापुढे येते ते कारखान्यातून पुडीत भरून आलेले शक्तिवर्धक अन्न नव्हे. वाटेतल्या गावांतील लोक मोठ्या भांड्यांत ‘रिबोल्लिता’ शिजवून वाढतात. आदल्या दिवसाचा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र करून पुन्हा उकळलेला हा जाड रस्सा, म्हणजे शिळे वाया जाऊ नये म्हणून कुळांच्या घरी होणारा पदार्थ. पावाच्या तुकड्यावर थोडे मद्य व साखर घालून देतात. तेही तेथील गरीब घरांतील मुलांचे खाणे. येथे आपल्याला आपल्या वारीची आठवण येणे स्वाभाविक आहे. दोन्हींची तुलना करता येणार नाही. एक भक्तीची वाट आहे, दुसरी हौसेची. परंतु वाटसरूला गावाने खाऊ घालावे, आणि त्या दिवशी वाटसरूत लहानमोठा भेद करू नये, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे. जेथे ही रीत टिकते तेथे उपक्रम गावाचा राहतो. जेथे ती कंत्राटाने दिली जाते तेथे गाव प्रेक्षक होते. या फेरीचे भवितव्य या एका गोष्टीवर अवलंबून आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी गोष्ट कष्टाची. मोताद माणसाचे कष्ट आणि हौशी माणसाचे कष्ट यांना एकच शब्द वापरणे चूक आहे. तरीही स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टाला स्वतःचे असे मोल असते, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. ज्या मुलाने कधी एखादी गोष्ट अवघड आहे एवढ्यासाठीच करून पाहिली नाही, त्याचे शिक्षण अपुरे राहते. चिखलातल्या चढावर उतरून सायकल ढकलणारा माणूस कोणाला हरवत नसतो. शेजारच्याचे टायर फुटले तर तो थांबतो, कारण पुढे जाऊन मिळवायचे असे त्याला काही नसते. आपल्या मर्यादा कोठे आहेत हे त्याला कळते. आणि तो थोडा विचारी असेल तर ज्यांना हा चढ रोज चढावा लागत होता त्यांच्याविषयी त्याच्या मनात केवळ कौतुकापलीकडचे काही तरी जागे होते. हे सर्वांच्या बाबतीत घडेल असे नाही. परंतु ज्याच्या बाबतीत घडेल त्याला इतिहासाचा एक पाठ असा मिळालेला असेल, जो पुस्तकातून देता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. परदेशातील एखादी चांगली गोष्ट दिसली की ती जशीच्या तशी उचलून आणण्याचा मोह आपल्याला होतो, आणि या बाबतीत तो मोह घातक ठरेल. महाराष्ट्रातील मुरमाचा रस्ता हा अजून वारसा झालेला नाही. कित्येक वाड्यापाड्यांत तो एक अन्याय आहे. रस्ता नाही म्हणून अडलेल्या बाईला झोळीत घालून दवाखान्यापर्यंत न्यावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात आजही येतात. राज्यातील मागास तालुक्यांत शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून सायकली दिल्या जातात. परतीच्या पावसानंतरच्या चिखलातून ती सायकल हाकत शाळा गाठणारी आठवीतील मुलगी आणि मोंताल्चिनोच्या चढावर घाम गाळणारा मिलानचा हौशी सायकलस्वार, यांच्या चाकाला लागलेला चिखल सारखाच असेल. फरक एवढाच की, त्याने तो निवडला आहे आणि तिला निवडीचा अधिकार कोणी दिलेला नाही. तिच्या रस्त्याला डांबर मिळालेच पाहिजे. कच्च्या रस्त्याच्या सौंदर्यावर तिला व्याख्यान देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आपणांपैकी कोणालाही नाही.

पण डांबर मिळाल्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि तेथे गायोलेचा अनुभव आपल्या उपयोगी पडेल. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शाळेचे मास्तर, कचेरीतले कारकून, कॉलेजातील मुलेमुली, सारे सायकलवरून जात. ती सायकल कोणी मनाई करून हटवली नाही. रस्ते रुंद झाले, वाहने वाढली, आणि सायकलस्वाराला रस्त्यावर जागा राहिली नाही. आज सायकल एक तर ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याच्याकडे आहे, नाही तर ज्याला सर्व काही परवडते त्याच्याकडे. मधला मोठा वर्ग तिच्यावरून उतरला. पूर्वी सायकली फार होत्या, असे आपण आता आठवणीच्या लेखांतून लिहितो. गोष्ट वापरातून गेली की ती लेखांत येते. तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सायकलसाठी पट्टे आखले गेले, पण रोज चालवणाऱ्यांची वर्दळ नसल्यामुळे त्यांवर मोटारी उभ्या राहतात. जुन्या घाटवाटा, बैलगाडीचे रस्ते, गावांना गावाशी जोडणाऱ्या पाऊलवाटा यांचीही तीच गत आहे. त्यांतील सर्व राखाव्यात असे नाही. कोणत्या राखाव्यात हे ठरवण्याचा अधिकार त्या वाटेवरच्या गावांचा आहे. परंतु निदान हा प्रश्न कोणी तरी विचारला पाहिजे. एखाद्या शाळेने वर्षातून एकदा मुलांना अशा वाटेने पायी वा सायकलने नेले, वाटेवरच्या गावाने त्यांना भाकरी वाढली, तर त्यासाठी परदेशी नावाची वा जुन्या बनावटीच्या सायकलीची गरज पडणार नाही.

गायोलेच्या लोकांनी दारिद्र्याने मागे ठेवलेल्या एका वस्तूला सन्मानाचे स्थान दिले. त्यात थोडा बेगडीपणा आला, बराच व्यापार आला, हे आपण पाहिले. परंतु जे रस्ते ज्यांच्या श्रमाने झाले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, आणि ते रस्ते डांबराखाली गेले असते तर त्या श्रमाची एवढीही खूण राहिली नसती. निवड करण्याइतकी सुस्थिती आल्यावर त्या लोकांनी ही खूण पुसली नाही. आपल्याकडील शेवटच्या वाडीला पक्का रस्ता मिळेल तेव्हा आपल्यालाही ही निवड करावी लागेल. तो दिवस लवकर यावा हे आपले पहिले काम. आणि तो येईपर्यंत राखण्याजोगे काही शिल्लक राहील अशी काळजी घेणे, हे दुसरे.